गुडमार आणि दाजींचा अंगठा

॥ ॐ नमः शिवाय ॥

बीड,
मार्गशीर्ष शुद्ध पक्ष, १९९८

चिरंजीव रवि यास आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. (रिवाज म्हणून लिहिले आहेत. पत्राच्या शेवटापर्यंत टिकले तर तुझं नशीब.) गीताची पाठ दुखायची थांबली का? रुचिका शाळेत नीट जाते ना? त्या दोघींसाठीचे आशीर्वाद मात्र खरे आहेत, ते वेगळे काढून त्यांना दे. तुझ्या तब्येतीची चौकशी मी करणार नाही. जगातल्या यच्चयावत रोगांवरचं औषध ज्याच्या पलंगाखाली खोक्यांतून रचून ठेवलेलं आहे, त्याला काय धाड भरणार आहे. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. दुकान चालू आहे, लेक ईश्वरी यंदा बारावीला आहे, आणि तुझ्या दाजींच्या उजव्या पायाचा अंगठा अजून पायालाच आहे. तो किती दिवस राहील ते डॉक्टरबाई सांगत नाहीत. रक्तातली साखर उतरली तर राहील, नाही उतरली तर काढावा लागेल, आणि अंगठ्यावर भागलं तर देवाची कृपा समजा, एवढंच म्हणाल्या. हे पत्र त्या अंगठ्याबद्दल आहे. (फोनच केला असता, पण एसटीडी बूथवाला आपल्याच गल्लीतला आहे आणि त्याचे कान लांब आहेत. शिवाय फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, हा आपला नेहमीचा प्रकार मला आज नको आहे.)

तुला 'अहो रविसाहेब' म्हणून लिहावं असंही मनात आलं होतं. त्या औषधांच्या कंपनीत तुला कसलीशी मोठी पायरी मिळाली, कोटाला बिल्ला लागला, असं गीतानं कळवलं होतं. पण ज्याचं नाक मी माझ्या परकराला पुसलं त्याला अहो म्हणायला हात वळेना. कारखान्यानं तुला स्वेच्छानिवृत्ती दिली (इच्छा कारखान्याची, निवृत्ती तुझी), तेव्हा मी रडले होते हे तुला माहीत आहे. देशाची दारं उघडली, बाहेरचा माल आत आला आणि माझा भाऊ बाहेर पडला, असं मी शेजारणींना सांगत होते. मग गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला तू आलास, पाटावर बसलास, मी ओवाळलं, आणि ओवाळणी म्हणून तू ताटात हिरव्या झाकणाची बाटली ठेवलीस. साऱ्या बीड जिल्ह्यात त्या दिवशी कुठल्याही बहिणीच्या ताटात साखरेच्या रोगावरचं, गुडमारच्या पाल्याचं चूर्ण पडलं नसेल. मला तेव्हाच ते ताट तुझ्या डोक्यावर पालथं घालायला पाहिजे होतं. पण वर्षाचा सण, निरांजन पेटलेलं, म्हणून गप्प बसले.

तेव्हा तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी विचारलं की यानं काही अपाय तर होणार नाही ना, तर तू हसलास. "पाला हाय आक्का. पाल्यानं कुटं काय व्हतंय?" अरे रवि, धोतरा हाही पालाच आहे. कण्हेर पालाच आहे. आपल्या आजोळच्या मळ्यात बकरी कण्हेर खाऊन आडवी झाली होती, तिला पुरायला खड्डा तूच खणला होतास. ती काय डॉक्टरची गोळी खाऊन मेली? झाडाला आलं म्हणजे निरुपद्रवी, असं कुठल्या शाळेत शिकवतात ते मला कळव, म्हणजे त्या शाळेत ईश्वरीला घालायचं नाही एवढं तरी मी बघेन.

आता दाजींचं सांगते. (तुला अर्धं माहीत आहे, पण तू फक्त सोयीचं अर्धं लक्षात ठेवतोस, म्हणून सगळं लिहिते.) पेढ्याच्या दुकानात जन्म गेलेला माणूस. सकाळी खवा आटायला लागला की बोटभर जिभेवर, साखर पडली की बोटभर जिभेवर, पेढे वळायला घेतले की पुन्हा बोटभर. तुझ्या दाजींच्या घराण्यात कढईपाशी तराजू चालत नाही. माझे सासरे म्हणायचे, गिऱ्हाइकाला तोलून द्या पण कढईला तोलून घालू नका. सगळा कारभार घरातल्या कर्त्या पुरुषाच्या जिभेवर. त्या जिभेनंच साखर आत जात राहिली आणि एके दिवशी दाजींना समोरच्या पाटीवरची अक्षरं दिसेनाशी झाली. डॉक्टर यशोधराबाईंनी रक्त तपासलं, पांढऱ्या गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, चाखणं बंद करायला सांगितलं. (वयानं लहान आहेत, पण बोलणं असं की मोठमोठे व्यापारी त्यांच्यापुढं शाळकरी पोरासारखे उभे राहतात.) दाजींनी गोळ्या सुरू केल्या, चालणं सुरू केलं, चाखणं काही सुटलं नाही. तरी गाडी बरी चालली होती. तेवढ्यात तुझी बाटली आली.

तू सांगितलंस की चिमूटभर चूर्ण जेवणाआधी जिभेवर धरायचं. पण आमच्याकडचा माणूस चिमूटभर काहीही जिभेवर धरत नाही, गालात धरतो. दाजींची तंबाखूची सवय तुला ठाऊक आहे. त्यांनी तंबाखू सोडली आणि तिच्या जागी गुडमार गालात ठेवला. सकाळी एक चिमूट, ती विरली की दुसरी, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत. डबीसुद्धा तीच, नुसती धुऊन घेतलेली. मला वाटलं, तंबाखू सुटली, बरं झालं. खरं ते लिहायला मी कचरत नाही. तंबाखू सुटली हा तुझ्या पाल्याचा पहिला गुण. दुसरा गुण असा की दाजींचं गोड खाणं आपोआप सुटलं, कारण त्या पाल्यानं जिभेवरची गोडीच पुसून टाकली. पेढा तोंडात टाकला तर भिजलेलं पीठ लागतं म्हणायचे. चहा बिनसाखरेचा की साखरेचा ते कळेना. तिसरा गुण, पोट उतरलं, सदरे ढगळ झाले. आणि चौथा, मान्य करते, रक्त तपासलं तेव्हा साखर पुष्कळ खाली आली होती. दाजी तो कागद घेऊन गल्लीभर फिरले. पण त्या खाली येण्यात गोळ्या किती, चालणं किती, सुटलेले पेढे किती आणि तुझा पाला किती, याची वाटणी कोण करणार? तू केलीस. सगळी शाबासकी पाल्याला.

(आणि हे सगळं चालू असताना डॉक्टरबाईंना पाल्याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. का, तर तुझ्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की डॉक्टर लोक वनस्पतीवर जळतात.)

श्रावण आला. श्रावणी सोमवारचा उपास दाजी लहानपणापासून करतात, दिवसभर पाण्याशिवाय काही नाही. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की गोळी घ्यायची तर उपाशी राहायचं नाही. दाजींनी सकाळी पांढरी गोळी घेतली, गालात पाला ठेवला, आणि उपाशीपोटी दुकानात जाऊन बसले. दुपारी मी डबा नाही तरी केळी घेऊन गेले, तर माणूस घामानं निथळलेला, हात लटलटतायत, आणि एका गिऱ्हाइकाला पेढ्याच्या ऐवजी रिकामी परात बांधून देतायत. मला म्हणाले, बाई, तुम्ही कोण गावच्या? लग्नाला वीस वर्षं झालेल्या बायकोला. मग बसल्या जागी कलंडले. रवि, जरा डोळ्यांसमोर आण. उजवीकडे पेढ्यांची परात, डावीकडे कलाकंद, मागं साखरेची पोती, आणि मध्ये माझा नवरा साखर कमी पडली म्हणून आडवा झालेला. समोरच्या औषधाच्या दुकानदारानं ओरडून सांगितलं, साखर घाला तोंडात. मी मूठभर घातली. तर त्या माणसानं थूः करून माझ्याच अंगावर थुंकली आणि म्हणाला, "वाळू कावून घालती तोंडात?" गोडी कळणारी जीभच तू मारून ठेवलेली. मी पुन्हा घालायची, त्यांनी पुन्हा थुंकायची. शेवटी तांब्यात साखर ढवळून पुढं केली. ते साधं पाणी समजून घटाघटा प्यायले आणि जरा वेळानं मला ओळखायला लागले. बघायला जमलेले लोक हसत होते. मी पण नंतर हसले असेन, पण त्या वेळी मी साखरेच्या पोत्याला धरून उभी होते. ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते आहे.

त्या संध्याकाळी दवाखान्यात मी सगळं ओकले, पाला, डबी, गाल, माहितीपत्रक. मला वाटलं डॉक्टरबाई बाटली फेकून देतील. त्यांनी ती हातात घेऊन नीट वाचली आणि म्हणाल्या, "यात गुण न्हाई असं मी म्हणत न्हाई. गुण हाय म्हणूनच मला भीती वाटते." मग त्यांनी समजावलं की हा पालाही साखर उतरवतो आणि गोळीही उतरवते, दोन्ही एकदम आणि वर उपास म्हणजे साखर तळाला जाते, माणूस दगावू शकतो. पाल्यावर शास्त्रज्ञ लोकांचा अभ्यास चालू आहे म्हणाल्या, पण किती द्यायचा, कोणाला द्यायचा, याचा नीट हिशेब अजून बसलेला नाही, आणि बाटलीत खरोखर काय आणि किती भरलंय ते त्यांनाही सांगता येत नाही, तुलाही येत नाही. घ्यायचाच असेल तर मला सांगून घ्या, रक्त तपासत राहा, गोळी आपल्या मनानं सोडू नका. यात कुठं जळणं आलं ते मला सांग. मी तर म्हणते, एवढ्या शांतपणानं मला बोलता आलं असतं तर हे पत्र निम्म्यात संपलं असतं.

आणि तू काय केलंस? दाजींनी तुला फोन लावला, तर तू सांगितलंस की आपल्या चूर्णाचं आणि इंग्रजी गोळीचं पटत नाही, कंपनीचे वरिष्ठ म्हणतात की गोळी बंद करा. पटत नाही म्हणजे? त्या काय जावा जावा आहेत? दोघांतलं एक सोडायचं होतं हे खरं, पण जे तपासून दिलं ते सोडायला लावलंस आणि जे पाटावर बसून दिलं ते चालू ठेवलंस. दाजींनी तुझं ऐकलं. माझं ऐकलं नाही, डॉक्टरबाईंचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं. तू त्यांचा एकुलता मेहुणा, पुण्याहून येतोस, टाय घालतोस.

टायवरून आठवलं. गणपती उठल्यावर तू तुझ्या कंपनीची सभा बीडला भरवलीस. मंगल कार्यालयात पंखे लावून, लग्नातल्या खुर्च्या मांडून, सरबताच्या जागी थंड पेयाच्या बाटल्या वाटून. तो तुझा टायवाला वरिष्ठ उभा राहून सांगत होता की जग बदललं, आता नोकरीत राम नाही, प्रत्येकानं आपल्या खाली माणसं जोडा, आणि आपल्या मालाचा दुष्परिणाम शून्य. मला उठून विचारावंसं वाटलं की ज्या पाल्यानं हलवायाच्या जिभेवरची गोडी जाते त्याचा परिणाम एवढा आणि दुष्परिणाम शून्य कसा. पण बायकांच्या रांगेत ध्वनिक्षेपक येत नाही. मग तू दाजींना वर बोलावलंस. जन्मात कधी चार माणसांपुढं न बोललेला माणूस. हातात माईक आला, समोर सगळी गल्ली, टाळ्या, आणि त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून म्हणाले, "ह्यापुढं मी डॉक्टरची गोळी तोंडात घालणार न्हाई." झालं. लिंगाला हात लावून घेतलेली शपथ. आपल्यात ती काय असते ते तुला सांगायला नको, तूही गळ्यात तेच बांधतोस. सभेतल्या बाकीच्यांना ते भाषण वाटलं असेल, दाजींना नाही. आणि ती ऐकून आपल्या गल्लीतल्या कितीतरी घरांत हिरवं झाकण गेलं. ती माणसं तुझ्यावर भरवसा ठेवून गेली नाहीत रवि, तुझ्या दाजींवर, नागप्पा पेढेवाल्यावर ठेवून गेली.

त्यानंतर कार्तिकात कपिलधार. मन्मथस्वामींच्या यात्रेत एका पंगतीची गव्हाची खीर आपल्या घरची, हे सासऱ्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. दाजी दरवर्षी बीडहून अनवाणी चालत जातात, यंदाही गेले. नैवेद्याची पातेली मी वेगळी शिजवते, ती कोणी चाखत नाही. पंगतीची मोठी कढई मात्र दाजींची, आणि तिथं गूळ जिभेवर. बाईनं त्या कढईत पळी घालायची नाही असा नियम आहे. (कोणी केला विचारू नकोस, माझं डोकं आधीच तापलंय.) मी लांबून बघत होते. दाजींनी गूळ घातला, चाखला, मान हलवली. पुन्हा घातला, पुन्हा मान हलवली. पुन्हा ढेप फोडायला सांगितली. मी दोनदा हाक मारली की बास झालं, तर म्हणाले, अजून सपक हाय. गालात तुझा पाला तसाच. मी मुकाट्यानं परत गव्हाच्या पोत्यावर जाऊन बसले, कारण इतक्या माणसांत नवऱ्याच्या तोंडात बोट घालून पाला काढायची मला लाज वाटली. ती लाज वाटली नसती तर बरं झालं असतं.

देवाची तक्रार नव्हती, त्याला नीट खीर मिळाली. माणसांना जी मिळाली तिच्यात पळी उभी राहत होती. पण समाधीपुढची पंगत, प्रसाद, कोण बोलणार? सगळे माना खाली घालून खात होते आणि पाणी मागत होते. पाण्याचे हंडे संपले. झऱ्यावरून पुन्हा भरून आणले, तेही संपले. एक म्हातारबुवा तर पानावर मिरची मागत होता, नुसती चघळायला. शेवटी आष्टीकडच्या वच्छलाबाई, वर्षानुवर्षं आपल्याच पंगतीला बसणाऱ्या, उठल्या, दाजींपुढं हात जोडले आणि गरीब आवाजात म्हणाल्या, "मालक, खीर कुटं हाय? ही तर नुसती काकवी हाय." दाजींनी सगळ्यांदेखत द्रोण घेतला, खाल्ली, आणि विचारलं, आणखी गूळ टाकू का? त्यावर मात्र पंगत हसली. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं.

तेवढ्यानंही दाजींचा पाल्यावरचा विश्वास उडाला नाही. घरी येईस्तोवर म्हणत होते की हल्लीच्या गुळाला गोडीच राहिली नाही, नवं धोरण आल्यापासून सगळ्यात भेसळ. दुसऱ्या दिवशी मी डबी लपवली, चूळ भरायला लावली, आणि बऱ्याच वेळानं उरलेल्या खिरीचा एक घास पुढं केला. त्यांनी खाल्ला. मग द्रोण खाली ठेवला आणि स्वतःच पाण्याचा तांब्या मागितला. तेव्हापासून कढईपाशी बसतात, गालात पाला असतोच, पण चाखायची वेळ आली की तोंड फिरवतात आणि मला खूण करतात. सासऱ्यांच्या फोटोखाली बसून आता मी पेढा चाखते. मला त्याचा आनंद होईल असं तुला वाटत असेल तर तो होत नाही.

आणि त्या अनवाणी चालण्यात अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. एरवी चार दिवसांत आम्ही तो विसरलो असतो. गोळ्या बंद, साखर वर गेलेली, त्यामुळे जखम बुजेना. दाजींनी तुझ्याच कंपनीचा लेप लावला, मग अंगठा काळवंडला, तेव्हा मी जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. आता मलमपट्टी करून घेतात, जखमेचं इंजेक्शनसुद्धा घेतात (शपथ गोळीची होती म्हणे), पण ती पांढरी गोळी काही घेत नाहीत, आणि डॉक्टरबाई म्हणतात की ती घेतल्याशिवाय साखर ताब्यात येणार नाही. मी पाया पडले, रागावले, अबोला धरला, ईश्वरीला पुढं केलं. गोळी ठेच्यात वाटून घातली, तर पहिल्या घासाला ओळखली. (गोड कळत नाही, पण कडू पक्कं कळतं. तुझा पाला मारतो तेही निवडून.) डॉक्टरबाई मलाच रागावल्या की लपवून औषध देऊ नका, माणसाला समजावून द्या. समजावते आहे. दाजी एकच सांगतात, उद्या मी गोळी घेताना दिसलो तर गल्लीत ज्यांनी माझ्याकडं बघून बाटली घेतली त्यांना काय तोंड दाखवू? अंगठा जातोय, माणूस तोंड धरून बसलाय.

तर रविसाहेब, आता तुमच्या लक्षात आलं असेल की भाऊबीजेची बाटली कुठवर येऊन पोचली. मला तुझं स्पष्टीकरण नको आहे. कंपनीच्या वरिष्ठांचं तर नकोच. तुझी माहितीपत्रकं मी बंबात घातली, चांगली पेटतात, हा त्यांचा एक उपयोग मला सापडला. या गल्लीत पुन्हा सभा घेतलीस तर पहिल्या रांगेत मी बसेन आणि त्या दिवशी मला ध्वनिक्षेपक लागणार नाही. पाल्याला माझा राग नाही, त्यानं आपलं काम चोख केलं. राग तुझ्यावर आहे. न शिकता शिकवणाऱ्याचा आणि न तपासता वाटणाऱ्याचा मला इतका राग आहे की लिहिताना दोनदा शाई सांडली, पानावर डाग दिसतात ते त्याचे आहेत, रडण्याचे नाहीत. गीताला जप. रुचिकाला अभ्यासाला बसव. आशीर्वाद अजून टिकलेले आहेत असं दिसतं, माझाच नाइलाज आहे.

तुझी आक्का,
नीलाबाई

ता.क. आता कामाचं लिहिते. तुझ्या दाजींना जगात फक्त त्या हिरव्या झाकणाचा भरवसा आहे. तेव्हा तू एक कर. सोबत चिठ्ठीवर डॉक्टरबाईंनी लिहिलेल्या पांढऱ्या गोळ्यांचं नाव देते आहे. त्या तिकडे घे, पाकिटातून सोडव, तुझ्या कंपनीच्या मोकळ्या बाटलीत भर, झाकण घट्ट लाव, आणि वर तुझ्या अक्षरात लिही की कंपनीनं चूर्ण बंद करून आता गोळी काढली आहे, अस्सल वनस्पती, सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर, उपाशीपोटी बिलकुल नाही, चूर्ण ताबडतोब थांबवावं, दर आठवड्याला रक्त तपासावं असा वरिष्ठांचा आदेश आहे. 'आदेश' हा शब्द घालच, त्याचा त्यांच्यावर परिणाम होतो. डॉक्टरबाईंना मी आज सांगितलेलं नाही, पण बाटली आली की पहिली त्यांनाच दाखवणार आहे, मग मला रागावू देत. वर चार पानं तुला खोटारडा म्हटलं, ते मागं घेत नाही. पण या घडीला सफाईनं खोटं बोलणारं भरवशाचं माणूस मला तुझ्याशिवाय दुसरं नाही. लवकर कर रे.

ता.क. दुसरा. तुझं उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवू नकोस, घरी पाठव. हे पाकीट दाजींच्याच हाती देते आहे, टपालपेटी त्यांच्या वाटेवर आहे. काळजी करू नकोस, दुसऱ्याचं पत्र वाचायची त्यांना सवय नाही आणि चष्मा घरीच विसरतात.

ता.क. तिसरा. रवि, हे मी लिहितोय, नागप्पा. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं आणि चष्मा आज खिशात होता. सगळं वाचलं. हिनं लिहिलंय त्यात काही खोटं नाही, वच्छलाबाई जरा जास्त बोलल्या होत्या, ते तिनं गाळलंय. बाटली पाठव. गोळी कोणती ते मला ठाऊक आहे, मी घेईन. शपथेचं माझं मी बघतो, देव समजून घेईल. गल्लीतल्या लोकांनाही एकेक करून सांगणार आहे की डॉक्टरबाईंना दाखवल्याशिवाय चूर्ण घेऊ नका, थोडा वेळ लागेल, एकदम बोलवत नाही. झाकण मात्र हिरवंच लाव आणि आदेशसुद्धा लिही, म्हणजे मी फसलो असं तिला वाटेल. तिचं ऐकायचं तर पहिल्या दिवशी ऐकायला पाहिजे होतं, आता तिच्यापुढं तेवढं तोंड मला राहिलेलं नाही. टपालानं वेळ लागत असेल तर रात्रीच्या एसटीत वाहकाच्या हाती दे, मी स्टँडवर येऊन उभा राहतो. पाय दुखतो, पण येतो.